कै. पंडित विष्णु नारायण भातखंडे

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहांत एक गिटार आली. ती ज्या विद्यार्थ्याची, तो अकोल्याकडचा, इयत्ता दहावींतला. सायंप्रार्थनेच्या वेळीं तो गीतांना साथ करी, आणि पुढें जेवणाची घंटा होईपर्यंत व्हरांड्यांत बसून एकाच तारेवर कांहींतरी घोटीत राही. एके दिवशीं त्याच्यापुढें आंकड्यांचा एक कागद दिसला: ०, १, ४, ५, ७, ८, ११, १२. मोकळी तार म्हणजे शून्य. मग पहिला पडदा, तेथून उडी मारून चौथा, लगेच पांचवा, नंतर सातवा व आठवा, पुन्हा उडी मारून अकरावा, आणि शेवटीं बारावा, म्हणजे वरचा षड्ज. त्यानें सांगितलें, कीं हें युरोपांतील नेहमींच्या सप्तकांपैकीं नव्हे. स्वरांमधील अंतरें हिशेबानें मागेंपुढें करून जीं विलक्षण कृत्रिम सप्तकें बनवितात, त्यांच्या एका यादींतून आपण हें उतरून घेतलें आहे. तीन आठवडे झाले, बोटें आतां चुकत नाहींत. पण कांहीं केल्या तें गाण्यासारखें वाजत नाहीं, अशी त्याची तक्रार होती.

मीं तेच स्वर त्याला गाऊन दाखविले. षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, शुद्ध निषाद. हा आपला भैरव थाट. जें सप्तक त्याला परक्या मुलुखांतून आंकडेमोडीनें आल्यासारखें वाटत होतें, तें त्याच्या आजीच्या कानांवरून पहाटेच्या भजनांत कितीदां तरी गेलें असेल. दुसऱ्या दिवशीं मीं माझ्याजवळचें एक जुनें क्रमिक पुस्तक त्याला आणून दिलें. आंतील चिजा चाळून त्यानें विचारलें, कीं हीं पुस्तकें करणारे गृहस्थ मोठे गवई होते काय? ते गवई नव्हते, वकील होते. हें ऐकून त्याला जें आश्चर्य वाटलें, त्यावरून त्यांचें चरित्र आपल्या वार्षिकांत लिहावें असें मनांत आलें.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म मुंबईंत वाळकेश्वर येथें ता. १० ऑगस्ट १८६० रोजीं, गोकुळाष्टमीच्या दिवशीं झाला. घर मध्यम स्थितीचें. त्या काळीं सुशिक्षित घरांतील मुलानें गाण्याच्या नादीं लागणें हें बिघडण्याचें लक्षण समजत असत. विष्णुपंतांनीं शाळा व कॉलेज सोडलें नाहीं. परंतु विद्यार्थिदशेंतच वल्लभदास दामुलजी या गृहस्थांजवळ सतार शिकण्यास आरंभ केला. ही गोष्ट वरवर पाहतां लहान दिसते, पण पुढील सर्व कार्याचें बीज मला तींतच दिसतें. गिटारीच्या दांडीवर धातूचे पडदे कायमचे ठोकलेले असतात. सतारीचे पडदे मात्र दोऱ्यानें बांधलेले असतात, आणि राग बदलला म्हणजे वाजविणारा त्यांतील कांहीं वरखालीं सरकवून घेतो. पडद्यांच्या अशा मांडणीलाच सतारिये थाट म्हणत. एक पडदा सरकविला कीं सगळ्या सप्तकाचा चेहरा बदलतो, हें ज्यानें लहानपणीं आपल्या बोटांनीं अनुभविलें, त्याला पुढें रागांच्या अरण्यांत वाट काढतांना तोच शब्द हातीं धरावासा वाटला, यांत नवल नाहीं.

इ. स. १८८५ मध्यें ते बी. ए. झाले व १८८७ मध्यें त्यांनीं एल्‌एल्. बी. ची परीक्षा दिली. कांहीं काळ कराचीस आणि नंतर मुंबईस त्यांनीं वकिली केली. पण १८८४ सालींच ते गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले होते. ही संस्था कैखुश्रू नवरोजजी काबराजी या पारशी गृहस्थांनीं १८७० मध्यें काढलेली. मुंबईस येणारे नामांकित गवई तेथें गात. तेथें रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून विष्णुपंतांनीं शेंकडों ध्रुपदें घेतलीं आणि अली हुसेनखां वगैरे गवयांकडून ख्याल घेतले. दिवसा कोर्टाचे कागद, आणि संध्याकाळीं चिजांचे कागद, असा त्यांचा क्रम होता. वकिलाच्या धंद्यानें त्यांना एक संवय लावली, ती म्हणजे पुरावा मागण्याची. एखादा गवई एका रागांत कोमल धैवत लावी, दुसरा त्याच रागांत शुद्ध. दोघेहि आपलेंच खरें म्हणत आणि दोघेहि गुरूचें नांव सांगत. इतरांनीं ऐकून सोडून दिलें असतें. विष्णुपंतांनीं तें लिहून ठेवलें, आणि आणखी साक्षीदार शोधावयास निघाले.

यापुढील दोन घटना थोडक्यांतच सांगतों. १९०० मध्यें त्यांची पत्नी वारली. १९०३ मध्यें मुलगी वारली. ती त्यांची एकुलती एक होती. नंतर त्यांनीं पुन्हा संसार मांडला नाहीं. वकिलींतून ते हळूहळू मोकळे झाले, आणि पन्नाशीच्या सुमारास तो धंदा त्यांनीं सोडूनच दिला.

प्रवासाला त्यांनीं यापूर्वींच आरंभ केला होता. १८९६ मध्यें ते गुजराथ व काठेवाड हिंडून आले होते. पण १९०४ मधील दक्षिणेचा प्रवास हा सर्वांत फलदायी ठरला. मद्रास, तंजावर, मदुरा, असें करीत ते एट्टयपुरम् या लहानशा संस्थानांत पोंचले. तेथें सुब्बराम दीक्षितार हे वृद्ध विद्वान् राहत. त्याच वर्षीं त्यांचा संगीत संप्रदाय प्रदर्शिनी हा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. हा ग्रंथ त्यांनीं लिहावा म्हणून ज्यांनीं त्यांचा पिच्छा पुरविला, ते मद्रासचे ए. एम्. चिन्नस्वामी मुदलियार हे ख्रिस्ती गृहस्थ होते, हें आपल्या वाचकांस बहुधा ठाऊक नसेल. दक्षिणेकडील कृति युरोपीय स्वरलिपींत छापण्याचें काम त्यांनीं १८९३ मध्येंच सुरू केलें होतें. आणखी एक गोष्ट आमच्या गिटारवाल्या विद्यार्थ्याला आवडली: परदेशी व्हायोलिन दक्षिणेच्या संगीतांत ज्यांनीं रुजविलें असें मानतात, ते बालुस्वामी दीक्षितार याच घराण्यांतले.

एट्टयपुरमास भातखंड्यांना व्यंकटमखीच्या चतुर्दंडिप्रकाशिका या ग्रंथाचें महत्त्व पटलें आणि त्याच्या हस्तलिखिताची नक्कल त्यांनीं मिळविली. व्यंकटमखी हा सतराव्या शतकांतील तंजावरचा पंडित. त्यानें केलेला हिशेब असा: षड्ज व पंचम हे अचल. खालच्या अर्ध्यांत ऋषभ-गांधारांच्या सहा जोड्या होतात; वरच्या अर्ध्यांत धैवत-निषादांच्याहि सहाच. सहा गुणिलें सहा म्हणजे छत्तीस. शुद्ध मध्यम घेऊन छत्तीस आणि तीव्र मध्यम घेऊन छत्तीस, मिळून ७२ मेल. याहून अधिकहि नाहींत, कमीहि नाहींत. आमच्या विद्यार्थ्याच्या कागदावरील यादीसारखीच ही यादी; फरक एवढाच, कीं ती सुमारें पावणेचारशें वर्षांपूर्वींची. व्यंकटमखीनें स्वतःच सांगून ठेवलें आहे, कीं यांपैकीं १९ मेलच त्याच्या वेळीं प्रचारांत होते. बाकीच्या घरांना दारें-खिडक्या होत्या, पण आंत राहणारें कोणी नव्हतें.

हा हिशेब घेऊन भातखंडे उत्तरेकडे वळले. १९०७ मध्यें ते नागपूर, कलकत्ता, हैदराबाद वगैरे ठिकाणीं गेले. मुंबईहून नागपुरास जाणारी आगगाडी आपल्या अकोला व बडनेरा स्टेशनांवरूनच जाते. या वऱ्हाडच्या सपाट काळ्या जमिनींतून जातांना त्यांच्याजवळ प्रश्नांचें केवढें बाड असेल, असा विचार तो मार्ग करतांना माझ्या मनांत येतो. कलकत्त्यास ते राजा सौरींद्रमोहन टागोर यांना भेटले. १९०८ मध्यें प्रयाग, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदेपूर असा उत्तरेचा प्रवास झाला. प्रत्येक गांवीं ग्रंथालय पाहावयाचें, संस्कृत हस्तलिखितांची नक्कल करावयाची, आणि तेथील गवयाला गाठावयाचें, असा त्यांचा नेम होता.

गवयाला गाठणें हेंच सर्वांत कठीण होतें. चीज ही घराण्याची मालमत्ता. मुलीच्या लग्नांत आंदण म्हणून चिजा दिल्या जात, अशा कथा आहेत. ज्या विद्येवर कुटुंबाचें पोट चालतें ती मुंबईच्या एका वकिलाच्या वहींत कां उतरूं द्यावी, असें उस्तादांना वाटल्यास त्यांना दोष देतां येत नाहीं. भातखंड्यांनीं कोठें आर्जव केलें, कोठें द्रव्य दिलें, कोठें रीतसर गंडा बांधून शिष्यत्व पत्करलें. जयपूरचे महंमद अलीखां हे मनरंग घराण्याचे. त्यांच्या व त्यांच्या आशिक अली व अहमद अली या मुलांच्या गळ्यांतून सुमारें ३०० चिजा त्यांनीं फोनोग्राफच्या नळकांड्यांवर उतरवून घेतल्या. रामपूरच्या दरबारीं बीनकार वजीरखां होते. तानसेनाच्या वंशाची परंपरा तेथें सांगत. तेथें नबाब हमीद अलीखां यांच्यासमोर या पन्नाशी उलटलेल्या पदवीधरानें शागीर्द म्हणून मान लवविली, आणि तेथील चिजा मिळविल्या. मान लवविणें आणि चीज जतन होणें, या दोहोंतून एक निवडावयाचें असतां त्यांनीं क्षणभरहि विचार केला नसावा.

आतां त्यांनीं काय केलें तें पाहूं. उत्तरेकडील पद्धतींत षड्ज-पंचम सोडले असतां उरलेल्या पांच स्वरांचीं दोन-दोन रूपें आहेत. दोन पांच वेळां गुणलें कीं ३२ थाट होतात. हा हिशेब पांचवींतला मुलगाहि करील. पण भातखंड्यांनीं बत्तीस घेतले नाहींत, दहाच घेतले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. त्यांनीं आधीं प्रचारांतील राग गोळा केले, त्यांच्या चिजा ऐकल्या, आणि त्या कोणकोणत्या सप्तकांत बसतात तें पाहून मग घरें बांधलीं. गणितानें त्यांना शक्यता सांगितल्या. निवड मात्र गाण्यांनीं केली. तीन आठवडे घोटूनहि आमच्या विद्यार्थ्याचें सप्तक कां बोलत नव्हतें, याचें उत्तर मला येथेंच सांपडतें. त्याच्याजवळ घर होतें, गाणें नव्हतें.

पेटीवर एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवाव्या, आणि षड्ज एकेक पट्टी पुढें सरकवीत जावा. पहिल्या पांढरीवर बिलावल, दुसरीवर काफी, तिसरीवर भैरवी, चौथीवर कल्याण, पांचवीवर खमाज, सहावीवर आसावरी. असे सहा थाट काळी पट्टी न शिवतां निघतात, आणि युरोपांतील जुन्या चर्चसंगीतांतहि हीं सप्तकें होतीं. उरतात ते चार: भैरव, पूर्वी, मारवा व तोडी. हेच ते, जे परदेशी पुस्तकांत विलक्षण सप्तकें म्हणून निरनिराळ्या नांवांनीं आढळतात. गिटारीवर यांचे पडदे मांडले तर भैरवाचे वर आलेच आहेत. पूर्वीचे ०, १, ४, ६, ७, ८, ११, १२. तोडीचे ०, १, ३, ६, ७, ८, ११, १२. आणि मारवा थाटाचे ०, १, ४, ६, ७, ९, ११, १२. चारींतहि कोमल ऋषभ व शुद्ध निषाद आहेत, म्हणजे षड्जाच्या एका बाजूला अकरावा पडदा आणि दुसऱ्या बाजूला पहिला. षड्ज दोन्ही बाजूंनीं दाटीवाटीनें धरलेला, आणि मध्यें मोठमोठ्या उड्या. यामुळेंच बोटाला हीं सप्तकें परकीं वाटतात.

भातखंड्यांनीं या विलक्षणपणाकडे निराळ्या डोळ्यांनीं पाहिलें. रागांना वेळ असते हें पूर्वापार मानीत आलेले होतेच. त्यांनीं त्यांतील नियम शोधला. कोमल ऋषभ आणि शुद्ध गांधार ज्या रागांत एकत्र येतात, ते बहुधा दिवस-रात्रीच्या संधींवर गाइले जातात; म्हणून त्यांना संधिप्रकाश राग म्हणावयाचें. त्यांतहि शुद्ध मध्यम प्रबळ असेल तर पहाट, आणि तीव्र मध्यम असेल तर सांज. भैरव आणि पूर्वी यांत एका मध्यमाचाच फरक आहे: गिटारीवर पांचवा पडदा सोडून सहावा धरला, कीं सकाळची संध्याकाळ झाली. मीं हें त्याला सांगितलें तेव्हां दिवेलागणीची वेळ होती. त्यानें बोट एक पडदा पुढें नेलें, आणि पुन्हा मागें आणलें, आणि पुन्हा पुढें नेलें. त्या दिवशीं त्यानें जेवणाची घंटा ऐकली नाहीं.

मारव्याविषयीं माझा स्वतःचा अनुभव येथें सांगण्यास हरकत नाहीं. तरुणपणीं मीं पुस्तकावरून तो राग पेटीवर बसविण्याचा हट्ट धरला. मारवा रागांत पंचम वर्ज्य; शिवाय षड्जावरहि फारसें थांबावयाचें नाहीं; जोर सगळा ऋषभ आणि धैवत यांवर. मी दर दोन मिनिटांनीं षड्जावर जाऊन विसावत असें, आणि राग मरत असे. ज्यांनीं मला थोडें गाणें शिकविलें त्यांनीं पेटी बंद करून तंबोरा हातीं दिला, आणि पंधरा दिवस नुसता षड्ज ऐकावयास लावला. कानांत षड्ज पक्का बसला म्हणजेच त्याला टाळतां येतें. गिटारवाल्यानें यासाठीं एक तार षड्जाला मिळवून ती मोकळी वाजत ठेवावी, आणि दुसऱ्या तारेवर बोटें चालवावीं. मग पडद्यांच्या आंकड्यांपेक्षां कानच अधिक सांगूं लागतो.

भातखंड्यांचे ग्रंथ या सर्व प्रवासांनंतर एकामागून एक बाहेर पडूं लागले. लक्ष्यसंगीत हा संस्कृत ग्रंथ १९१० च्या सुमारास चतुर पंडित या टोपण नांवानें निघाला. हिंदुस्थानी संगीत पद्धति हा मराठी ग्रंथ चार भागांचा; पहिला भाग १९१० चा आणि चौथा १९३२ चा. गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपानें तो लिहिलेला आहे. शिष्य शंका काढतो, गुरु ग्रंथांचे आधार देतो आणि कोठें आधार नसेल तेथें तसें कबूल करतो. एवढा मोठा शास्त्रग्रंथ त्यांनीं मराठींत लिहिला, आणि देशभरांतील अभ्यासकांना तो पुढें भाषांतरांतून वाचावा लागला, याचा मराठी वाचकाला थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य आहे. क्रमिक पुस्तक मालिका सहा भागांची. तींत सुमारें १८०० चिजा स्वरलिपीसह आहेत.

ती स्वरलिपिहि सोपी. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खालीं टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. कोणत्याहि छापखान्यांत जुळेल आणि कोणत्याहि विद्यार्थ्याला अर्ध्या तासांत वाचतां येईल अशी. त्याच काळांत कै. विष्णु दिगंबर पलुसकर यांनींहि आपली निराळी लिपि केली होती. ती अधिक सूक्ष्म खरी, पण लिहिण्यास अवघड. टिकाव भातखंड्यांच्या लिपीनें अधिक धरला. या दोन विष्णूंची तुलना करण्याचा मोह पुष्कळांना होतो. पलुसकर हे पट्टीचे गायक, सभा जिंकणारे. भातखंडे हे टेबलाशीं बसणारे. एकाच्या कार्यानें दुसऱ्याचें कार्य उणें होत नाहीं.

१९१६ मध्यें बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयानें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ती भातखंड्यांच्याच प्रयत्नांचें फळ. तेथें श्रुतींचा प्रश्न निघाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स साहेब यांनीं २२ श्रुतींची पेटी तयार करविली होती. भातखंड्यांचें मत असें, कीं श्रुतींचीं सूक्ष्म मापें गवयांच्या गळ्यांत एकसारखीं सांपडत नाहींत. शिकविण्यासाठीं बारा स्वरांवर उभारलेली पद्धतच पुरेशी आहे. हा वाद अजूनहि संपलेला नाहीं. मला स्वतःला वाटतें, कीं भैरवाचा आंदोलित ऋषभ बाराच्या हिशेबांत मावत नाहीं. गिटारीवर तो काढावयाचा तर पडद्यावर दाबलेली तार किंचित् ओढावी लागते. पण ज्यानें अजून पहिला पडदा नीट धरला नाहीं, त्याला ओढण्याची गोष्ट सांगून काय उपयोग? शिक्षक या नात्यानें मी भातखंड्यांच्या बाजूस झुकतों. पुढें दिल्ली, काशी आणि दोनदां लखनौ येथें अशाच परिषदा झाल्या.

१९१८ मध्यें ग्वाल्हेरीस माधवराव शिंदे महाराजांनीं त्यांच्या मार्गदर्शनानें संगीत विद्यालय काढलें. तेथें राजाभय्या पूंछवाले यांच्यासारखे घराण्याचे गवई नवी लिपि शिकून शिक्षक झाले. १९२६ मध्यें लखनौस राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली यांच्या साहाय्यानें मॅरिस कॉलेज सुरू झालें. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचें नांव त्याला प्रथम होतें. पुढें त्याला भातखंड्यांचें नांव मिळालें, आणि आज तें विश्वविद्यालय आहे. त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनीं तेथें अनेक वर्षें प्राचार्याचें काम केलें. वर्गांत फळा, वेळापत्रक, परीक्षा आणि हजेरीपट हे सर्व आपल्या शाळेंतल्यासारखें. एका वर्गांत वीस मुलांना गाणें शिकवितां येतें कीं नाहीं, यावर तेव्हांहि पुष्कळ थट्टा झाली. गवई तयार होत नाहींत असें टीकाकार म्हणत, आणि तें बरेंच खरें होतें. परंतु ज्या मुलाला कोणताच उस्ताद दारांत उभा करणार नव्हता, त्याला निदान यमनाचे स्वर मिळाले.

त्यांच्या कार्यांत दोष नव्हते असें नाहीं. दहा थाट पुरे पडत नाहींत. अहीर भैरवांत भैरवाचें पूर्वांग आणि काफीचें उत्तरांग. त्याला दहांत स्वतःचें घर नाहीं. ललितांत दोन्ही मध्यम शेजारी-शेजारी आणि पंचम नाहीं. त्याला मारव्याच्या घरांत ठेवलें, तें कित्येकांना पटत नाहीं. दुसरा दोष अधिक गंभीर. उस्तादांच्या अडाणीपणाविषयीं त्यांनीं कांहीं ठिकाणीं फार कठोर लिहिलें आहे. शास्त्र ठाऊक नाहीं म्हणून ज्यांना त्यांनीं नांवें ठेवलीं, त्यांच्याच बापजाद्यांनीं त्या शेंकडों चिजा तोंडपाठ करून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या होत्या. पुस्तकांत छापावयाला दुसरीकडून कांहींच मिळालें नसतें. त्यांनीं हें ऋण अनेकदां मान्यहि केलें आहे. परंतु कठोर वाक्यें तशींच राहिलीं.

१९३३ मध्यें त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतर तीन वर्षें ते अंथरुणाला खिळून होते. ता. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीच्या दिवशीं, मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. क्रमिक पुस्तकांचे अखेरचे भाग त्यांच्या पश्चात् शिष्यांनीं छापून पूर्ण केले.

दहांच्या बाहेर राहिलेल्या बावीस घरांचें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. दक्षिणेकडे ७२ मेलांतील रिकामीं घरें रचनाकारांनीं हळूहळू भरलीं. महा वैद्यनाथ अय्यर यांनीं तर बहात्तरांचीहि एक अखंड रागमालिका रचली. तिकडील चारुकेशी व कीरवाणी हे राग पुढें उत्तरेकडे आले आणि आपल्याकडील सतारवादकांनीं ते आपलेसे केले. चारुकेशी म्हणजे ०, २, ४, ५, ७, ८, १०, १२. खालचें अर्ध बिलावलाचें, वरचें आसावरीचें. दहा थाटांत न बसणारा.

आमच्या विद्यार्थ्यानें सध्या त्याला हात लावलेला नाहीं. क्रमिक पुस्तकांतील भैरवाची एक सरगम त्यानें आधीं पाठ केली, नंतर तीच तोंडानें म्हणत पडद्यांवर बसविली. मध्यंतरीं एक तार तुटली आणि अमरावतीच्या बाजारांत ती मिळेपर्यंत आठ दिवस तो नुसता गातच होता. त्या आठ दिवसांत सरगम अधिक बसली असें तोच सांगतो. आतां दिवाळीच्या सुट्टीनंतर तो पूर्वीला आरंभ करणार आहे.